प्रत्येक रक्त मूळव्याधीचं नसतं

शौचातून रक्त जातंय, हे आपल्या घरांत सहसा कुणी बोलत नाही. अम्मी-खाला शरमेपोटी गप्प राहतात, अब्बा मेडिकलमधून मूळव्याधीचं मलम आणतात. महिने जातात. तपासणी होते तेव्हा कधी कधी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघतो.

जगात हा तिसऱ्या क्रमांकाचा कॅन्सर. 2022 मध्ये 19 लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. भारतात प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, पण निदान उशिरा होतं हे आपलं खरं दुखणं. 2016 पासून सरकारने तीस वर्षांवरील लोकांसाठी जी कॅन्सर तपासणी ठरवली, त्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहेत, आतडं नाही. म्हणजे लक्ष आपल्यालाच ठेवायचं आहे.

धोका कशाने वाढतो? तंबाखू, दारू, लठ्ठपणा, बैठं काम, वाढतं वय आणि जवळच्या नात्यात हा आजार असणं. आता गोश्तची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, खारवलेलं-धुरावलेलं मांस, कॅन्सरकारक ठरवलं. रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास धोका सुमारे 18 टक्के वाढतो. ताजं लाल मांस 'बहुधा कारणीभूत' या खालच्या गटात आहे. म्हणून कुर्बानीचं गोश्त हराम होत नाही. रोजच्या ताटात ते कमी आणि डाळ, भाजी, फळं जास्त हवीत, एवढंच.

निदान झाल्यावर इलाजाचा दर्जाही विचारून घ्यावा. कोलोनोस्कोपी पूर्ण आतड्याची झाली का? गुदाशयाचा कॅन्सर असेल तर ऑपरेशनआधी एमआरआय झाला का? काढलेल्या भागात किमान 12 लसिका ग्रंथी तपासल्या का? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांशी हुज्जत नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे. खर्चाची भीती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधी करा.

शौचाची सवय बदलली, रक्त दिसलं, विनाकारण वजन घटलं किंवा अशक्तपणा आला, तर मलम बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. इलाज करून घेणं ही सुन्नत आहे, हे आपण मुलांना शिकवतो. मग घरातल्या मोठ्यांना तेच सांगायला आपण का लाजतो?