गॅस भरणाऱ्याच्या खांद्यावर

फेब्रुवारी सरला की शहरांतून वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. यंत्र नीट गार करीत नाही, तेव्हा ‘गॅस संपला असेल, भरून द्या’ अशी मागणी होते आणि कारागीर तो भरून देतो. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागची गैरसमजूत कोणाच्या ध्यानातही येत नाही. या यंत्रातील प्रशीतक वायू हे इंधन नव्हे. वापराने तो संपत नाही. तांब्याच्या बंदिस्त नळ्यांतून तोच वायू वर्षानुवर्षे फिरत राहतो. खोलीत द्रवाची वाफ होताना उष्णता घेतो आणि बाहेर वाफेचा द्रव होताना ती टाकून देतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे.

मग रीतसर काम कोणते? नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरावा, जोडांवर साबणाचा फेस लावून गळती हुडकावी, ती बुजवावी, व्हॅक्यूम पंपाने आतील हवा व ओल काढून टाकावी आणि यंत्रावर लिहिले असेल तेवढाच गॅस काट्यावर तोलून भरावा. नुसत्या गेजवर विसंबून भागत नाही, कारण बाहेरच्या उन्हाबरोबर तेथील दाब बदलतो. भरणा जास्त झाला तर वीज अधिक लागते, आणि द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर तोही कामातून जातो.

एवढ्या कामाला अर्धा दिवस सहज लागतो. बहुतेक कारागिरांना मोबदला मात्र फेरीमागे मिळतो. दिवसाच्या फेऱ्या पुऱ्या झाल्या नाहीत तर घरी चूल कशी पेटायची, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असतो. मग गळती तशीच राहते, वरून थोडा गॅस टाकला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच गिऱ्हाईक पुन्हा तेवढेच पैसे मोजते. यंत्र उघडावे लागले तर उरलासुरला वायू सर्रास हवेत सोडून दिला जातो. तो परत ओढून घेण्याचे यंत्र व निराळी टाकी कारागिराने स्वतः विकत घ्यायची, वरच्या मजल्यावर खांद्यावरून न्यायची, आणि गोळा केलेला वायू द्यायचा कोणाला, याचे उत्तर बहुतेक गावांत नाही.

हवेत जाते ते काय, हेही पाहिले पाहिजे. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला अपाय करतो. शिवाय त्याची तापमानवाढीची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट आहे. एका किलोची गळती म्हणजे पावणेदोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड. त्याची जागा घेणारा आर-४१०ए ओझोनला निरुपद्रवी असला तरी तापमानवाढीत २,००० पटींच्या घरात आहे. नंतर आलेला आर-३२ सुमारे ६७५ पटींवर थांबतो.

१९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला त्याने २०२१ मध्ये मान्यता दिली. या वाटचालीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिचा एक भार अगदी तळाच्या माणसावर गेला आहे. आर-३२ मंदपणे का होईना, पेट घेतो. आर-२९० म्हणजे तर साक्षात प्रोपेन. गळक्या जोडातून हवा आत ओढली जात असताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये जमा केला, तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. हे सारे धोके खिडकीबाहेरच्या लोखंडी घोडीवर, बहुधा कमरेला पट्टा न बांधता उभ्या असलेल्या कारागिराने पत्करायचे! ज्या गारव्यासाठी तो लोंबकळतो, तो त्याच्या स्वतःच्या घरी क्वचितच असतो.

सरकारने २०१९ च्या शीतलन कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे ठरविले होते. प्रशिक्षण हवेच. मात्र रीत माहीत असलेला कारागीरही फेरीच्या दराने काम करीत असेल, तर ती रीत त्याला परवडणार कशी? २०२२ च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली, तीही यंत्र निकामी झाल्यानंतरची. तोवर भिंतीवर असताना किती वेळा गळले, याचा जाब कोणी विचारीत नाही.

स्वयंपाकाच्या गॅसची टाकी या देशात अनामत रकमेवर मिळते आणि रिकामी टाकी परत जाते. प्रशीतकाच्या विक्रीलाही तशी अनामत लावता येईल: वायू परत आणणाऱ्या कारागिराला वजनाप्रमाणे पैसे, आणि त्याच्या शुद्धीकरणाचा खर्च उत्पादकांवर. गळती शोधण्याचा दर फेरीहून निराळा ठरवावा, आणि उंचीवरच्या कामाचा सुरक्षापट्टा काम देणाऱ्याने पुरवावा. यंत्राची किंमत यामुळे थोडी वाढेल. ती घेणाऱ्याला परवडते. आर-२२ च्या गटातील वायूंचा वापर, दुरुस्तीपुरता अल्प वाटा सोडल्यास, २०३० पर्यंत थांबवायचा आहे. तो पोटात बाळगणारी जुनी यंत्रे याच काळात भिंतींवरून उतरतील, आणि ती उतरविणाऱ्याच्या हाती आज तरी फक्त पाना आहे.