घरबसल्या नोकरी, गावभर कागद



मुलुंड पूर्वेला भाड्याच्या घरात राहून घरूनच काम करणाऱ्या एखाद्या नव्या कर्मचाऱ्याला पत्त्याची ‘डिजिटल पडताळणी’ कशी होते ते विचारावं. मोबाइलवर लिंक येते. लोकेशन चालू करायचं, दाराचा फोटो काढायचा, त्यात नावाची पाटी दिसली पाहिजे, मग दारात उभं राहून सेल्फी. पाटी घरमालकाची. महावितरणचं बिल घरमालकाच्या नावावर. आधारवरचा पत्ता घाटकोपरच्या ज्या इमारतीचा, ती पुनर्विकासासाठी पाडून झाली आणि तिथे पत्र्यांच्या आड खोदकाम चालू आहे. माणूस खरा, पदवी खरी, अनुभव खरा. अहवालात मात्र शेरा पडतो, ‘पत्ता जुळत नाही’. पाठोपाठ एचआरचा मेल: भाडेकरार पाठवा, घरमालकाचं पॅन पाठवा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट पाठवा.

घरून काम करणाऱ्यांची कागदपत्रं तपासूच नयेत, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मालकांची भीती खरी आहे. मरोळच्या गाळ्यातली वीस माणसांची कंपनी लॅपटॉप कुरिअरने पाठवते आणि ग्राहकांच्या डेटाचा पासवर्ड देते, तोही ज्याला कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही अशा माणसाच्या हाती. मोठ्या कंपन्याही फसल्या आहेत. बनावट कंपन्यांची अनुभवपत्रं देऊन नोकरी मिळवणाऱ्यांना काढून टाकल्याचं ॲक्सेंचरने भारतात नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर केलं. त्याच्या दोनच महिने आधी विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी, नोकरी विप्रोत आणि काम प्रतिस्पर्ध्याचंही, अशा 300 जणांना घरी पाठवल्याचं सांगितलं होतं. तेव्हा बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, एचआरच्या तोंडचं ‘बीजीव्ही’, हवंच.

वाद आहे तो पद्धतीचा. उपनगरांतल्या बऱ्याच लहानमोठ्या कंपन्यांनी कागद गोळा करण्यालाच पडताळणी मानलं आहे. व्हॉट्सॲपवर आलेला आधारचा फोटो एचआरच्या फोनमध्ये, तिथून मेलमध्ये, मेलमधून एजन्सीकडे आणि एजन्सीच्या फील्ड बॉयच्या फोनमध्ये जातो. या साखळीत फोटो सगळ्यांनी पाहिला, तपासला कुणीच नाही. आधारवरच्या क्यूआर कोडवर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. अधिकृत ॲपने तो स्कॅन केला की नाव, जन्मतारीख आणि फोटो खरा की खोटा हे क्षणात कळतं. हा कोड प्रत्यक्षात किती ठिकाणी स्कॅन होतो, ते एखाद्या एचआरने प्रामाणिकपणे सांगावं.

शिवाय आधार नेमकं काय सिद्ध करतं, याचाही गोंधळ आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी 2024 मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळलं. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्या एका बांगलादेशी आरोपीचा जामीन फेटाळताना स्पष्ट केलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती आहे म्हणून कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. म्हणजे ज्या एका कागदावर सगळ्यांची मदार, तो ओळख पटवतो. नोकरीची पात्रता सांगत नाही. परदेशी नागरिकाला नेमायचं तर एम्प्लॉयमेंट व्हिसा तपासावा लागतो, त्याला आधारची झेरॉक्स पर्याय नाही.

अमेरिकेत नोकरीच्या पात्रतेची तपासणी 1986 च्या कायद्यापासून सक्तीची आहे, आय-9 नावाच्या फॉर्मवर. त्यात शिकण्यासारखी गोष्ट फॉर्मपेक्षा वेगळीच आहे: कायद्याने दिलेल्या यादीतले कोणते कागद दाखवायचे हे कर्मचारी ठरवतो. भेदभावाच्या हेतूने मालकाने अमुकच कागद आणा म्हटलं किंवा जास्तीचे मागितले, तर तो कायदेभंग ठरतो. कोविडमध्ये प्रत्यक्ष तपासणीला सवलत मिळाली, ती जुलै 2023 अखेर संपली. 1 ऑगस्ट 2023 पासून, सरकारच्या ई-व्हेरिफाय यंत्रणेत असलेल्या मालकांना दुसरी वाट मिळाली: कर्मचाऱ्याने आधी प्रती पाठवायच्या आणि मग थेट व्हिडिओवर तेच कागद समोर धरायचे.

एवढं करूनही तिथे भगदाड पडलंच. ॲरिझोनातल्या एका महिलेने उत्तर कोरियाच्या आयटी कामगारांसाठी घरात लॅपटॉपची रांग मांडली होती. चोरलेल्या 68 अमेरिकी ओळखी वापरून हे लोक 300 हून अधिक कंपन्यांत ‘घरून काम’ करत राहिले आणि 1 कोटी 70 लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. जुलै 2025 मध्ये तिला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणात ओळखी खऱ्या माणसांच्या होत्या, फक्त वापरणारे दुसरेच होते. कागदांचा ढीग वाढवून असा भामटा सापडत नाही. उलट एचआरच्या इनबॉक्समध्ये पडून राहिलेली प्रत्येक जादा प्रत म्हणजे त्याच्या पुढच्या चोरीचं भांडवल.

आपल्याकडे तर मागणीला धरबंधच नाही. एकाच वेळी दोन नोकऱ्या आहेत का, हे पाहायला यूएएनची, म्हणजे पीएफ खात्याच्या क्रमांकाची, सर्व्हिस हिस्टरी बऱ्याच वेळा पुरते. एकाच महिन्यात दोन ठिकाणांहून पीएफ जमा झाला तर तो दिसतो. ज्यांचा पीएफ कापला जात नाही त्यांच्याबाबत हा उपाय लंगडा पडतो, हेही खरं. पण म्हणून सगळ्यांकडेच प्राप्तिकराचं 26एएस आणि अख्खं बँक स्टेटमेंट मागायचं? स्टेटमेंटमध्ये पगाराच्या सहा नोंदी असतात. बाकी आईच्या औषधांचं बिल, पतपेढीचा हप्ता आणि कुणाला किती उसने दिले त्याचा हिशेब. तो पाहून कंपनीला काय कळणार?

नावांचा घोळ तर खास आपला. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव गायब. सॉफ्टवेअर या चौघींना चार वेगळ्या बाया समजतं आणि बोरिवलीची अकाउंटंट राजपत्र नि विवाह नोंदणी दाखला शोधत बसते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही आलं आहे. ती मुलं नोकरीला लागेपर्यंत तरी सॉफ्टवेअरला मराठी नाव वाचता यावं!

बरं, एकदाच पडताळणी करून ती पुढे चालवायची ही कल्पना नवीन नाही. नॅसकॉमने 2006 मध्येच आयटी कर्मचाऱ्यांसाठी नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली होती. डिजिलॉकरमधून थेट जारी झालेली कागदपत्रं कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची आहेत. मास्क्ड आधारमध्ये शेवटचे चारच आकडे दिसतात. साधनं आहेत, ती वापरण्यापेक्षा ‘फोटो पाठवा’ म्हणणं सोपं, एवढंच.

मुंबईतल्या कंपन्यांना आणखी एक सोय आहे, ती अमेरिकेतल्या मालकाला सहसा नसते. इथला ‘दूरचा’ कर्मचारी बहुतेकदा लोकलच्या अंतरावर असतो. बोरिवलीहून अंधेरीला फास्ट लोकलने यायला अर्धा तास लागत नाही. रुजू होण्याच्या दिवशी त्याला एकदा बोलवावं, ओरिजिनल पाहावेत, कोड स्कॅन करावा, चेहरा पाहावा आणि ओरिजिनल तिथल्या तिथे परत द्यावेत. मूळ मार्कशीट ‘जमा’ करून घेण्याचा जुना उद्योग तर बंदच व्हायला हवा. सिंधुदुर्गातून किंवा अमरावतीतून काम करणाऱ्यासाठी व्हिडिओ आणि डिजिलॉकर यांची जोड पुरेशी आहे. पीएफसाठी आधार क्रमांक लागतो हे मान्य. तो रुजू होताना लागतो, मुलाखतीच्या आधी नाही.

कायदाही याच दिशेने चालला आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती घेऊन माहिती गोळा करायची, तर ती सांगितलेल्या कामापुरतीच घ्यावी लागेल, आणि ती नीट सांभाळली नाही तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नोकरीच्या कारणासाठी मालकांना काही सूट दिली आहे, तिचा अर्थ काही जण ‘वाटेल ते मागा’ असा लावतील, ही भीती आहेच. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत आहे. तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. सीप्झ, मरोळ, मालाड, पवई इथल्या कंपन्यांनी ऑफर लेटरमध्येच लिहून द्यावं: कोणता कागद, कशासाठी, कुणाकडे जाणार आणि कधी पुसला जाणार. नोकरी नाकारली गेलेल्यांचे कागद तर लगेच पुसले जावेत. राज्याच्या कामगार विभागाने याचा एक साधा नमुना तयार करून दिला, तर वकील न परवडणाऱ्या लहान कंपन्यांचीही सोय होईल.

आणि नोकरी शोधणाऱ्या वाचकांनी मास्क्ड आधारच पाठवावं, प्रतीवर कंपनीचं नाव, कारण आणि तारीख आडवी लिहावी. ‘हे चालत नाही’ असं उत्तर आलं, तर ते मेलवर लेखी मागून घ्यावं.

— एक वाचक, बोरिवली (पूर्व)