गादीवरून संकेतस्थळावर

माझ्या भाच्याचे चिखलीतील कापडाचे दुकान आता तिसऱ्या पिढीकडे आले आहे. गेल्या दसऱ्याला त्याने दुकानाचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांत सर्वाधिक कौतुक मीच केले असेन. दिवाळीच्या तोंडावर त्याला एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. हे गृहस्थ निवृत्त संगीत शिक्षक, जन्मतः दृष्टिहीन, तालुक्यातील एका खेड्यात राहणारे. पूर्वी ते दुकानात येत, गादीवर बसून कापडाचा पोत बोटांनी चाचपत, रंग विचारीत आणि घासाघीसही करीत. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून त्यांनी मोबाइलवरूनच मागणी नोंदवायचे ठरवले होते. "शेठ, साड्या पुष्कळ ठेवल्यात, पण प्रत्येक साडीचे नाव 'आयएमजी' कसे?"

हा विनोद नव्हता. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. मात्र छायाचित्रामागे वर्णन लिहिलेले नसेल, तर तिला वाचायला काही उरत नाही. मग ती कॅमेऱ्याने दिलेले आकडे तरी वाचते किंवा नुसते 'चित्र' एवढेच सांगते. पुढे 'बटण, बटण' असे ऐकू येई. कोणते खरेदीचे आणि कोणते रद्द करण्याचे, हे कळायला मार्ग नव्हता. पिन कोड कोठे लिहायचा, हेही त्या चौकटीला नाव नसल्याने समजेना. तासभर खटपट करून मास्तरांनी अखेर फोन लावला होता.

मला मात्र माझी शाखा आठवली. अधिकारी असताना एका दृष्टिहीन खातेदाराला मी धनादेश पुस्तिका नाकारली होती. पैसे काढायला स्वतः या, सोबत साक्षीदार आणा, असे नियमावर बोट ठेवून सांगितले होते. त्यांच्या हिताचेच करीत आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पुढे जून 2008 मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना बजावले की, दृष्टिहीन व्यक्ती करार करण्यास कायद्याने सक्षम आहेत. धनादेश पुस्तिका, एटीएम, लॉकर यांत त्यांच्याशी भेदभाव करू नये. ते परिपत्रक वाचताना त्या खातेदाराचा चेहरा डोळ्यांसमोर आला. क्षमा मागायला ते शाखेत राहिले नव्हते; खाते त्यांनी केव्हाच बंद केले होते.

कायद्याचे म्हणाल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा खाजगी सेवा देणाऱ्यांनाही लागू होतो. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग मानला. त्या प्रकरणातील एक याचिकाकर्ते अमर जैन हे स्वतः दृष्टिहीन वकील आहेत. दुसऱ्या याचिकाकर्त्या प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या. ओळख पटवण्यासाठी पापणी मिटून उघडा असे यंत्र सांगे, आणि त्यांना ते शक्य नव्हते. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले. त्यात मोतीबिंदूमुळे पांढऱ्यावरील फिकट करडी अक्षरे न दिसणारे माझ्यासारखे बहुधा नसावेत.

भाच्याने काय केले? सूनबाईंनी तीन संध्याकाळी बसून सुमारे दीडशे छायाचित्रांमागे वर्णने लिहिली. पहिल्या दिवशी त्यांनी 'सुंदर साडी' असे लिहिले होते. मी ते खोडायला लावले. 'मोरपंखी सुती साडी, काठ लाल, लांबी साडेपाच मीटर' असे लिहिले, तर ग्राहकाला माल कळतो. संकेतस्थळ बनवणाऱ्या मुलाने बटणांना आणि चौकटींना नावे दिली, अक्षरे गडद केली. चूक झाल्यास चौकट नुसती लाल होत असे, तेथे आता चूक शब्दांत सांगितली जाते. एका विक्रेत्याने मध्येच गळ घातली की, एक तयार उपकरण जोडा, सर्व काही आपोआप होईल. त्यापासून सावध राहावे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये असाच दावा करणाऱ्या एका कंपनीला 10 लाख डॉलर भरायला लावले.

आपल्या दुकानाचे संकेतस्थळ असेल, तर टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून एक वस्तू विकत घेऊन पाहावी. आधी ते बंद कसे करायचे, हे मुलांकडून शिकून घ्यावे. मी अर्धा तास स्वतःच्याच फोनपुढे असहाय बसलो होतो.

मास्तरांनी मागील महिन्यात दोन साड्या मागवल्या. पैसे भरण्याचे पान दुसऱ्या कंपनीचे असल्याने तेथे अजून अडचण आहे. भाच्याने त्यांना पत्र लिहिले, उत्तर आलेले नाही. तोवर मास्तर माल हाती आल्यावर रोख देतात. नोटेच्या कडेच्या उठावदार रेषा बोटांनी मोजतात, शंभराच्या चार, पाचशेच्या पाच, आणि पोचवायला आलेल्या मुलाला म्हणतात, "तूही मोजून घे बाबा."