धातू थकतो तेव्हा

पक्कड हाताशी नसली की तार कशी तोडायची, हे घराघरांत ठाऊक असते. एकाच जागी ती इकडे वाकवायची, तिकडे वाकवायची. पाच-दहा वेळा असे केले की ती जागा बोटाला कोमट लागते आणि तार तुटते. तीच तार दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढली असती तरी तुटली नसती. लहानपणी हा आपल्याला खेळ वाटे. १९८७-८८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ या कमांडो पथकातल्या तिघांना हाच खेळ स्वतःच्या चेहऱ्यावर सोसावा लागला.

त्यांच्या हातातले पिस्तूल इटलीच्या बेरेटा कंपनीचे, ९ मिलिमीटरचे. अमेरिकी सैन्याने ते १९८५ मध्ये ‘एम-९’ या नावाने स्वीकारले आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून सेवेत असलेल्या .४५ पिस्तुलाला निरोप दिला. जुने पिस्तूल सगळेच्या सगळे पोलादी, रिकामे असतानाही अकराशे ग्रॅमच्या घरातले. नव्याचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. वजन साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास आणि मुठीत सातऐवजी पंधरा गोळ्या! दिवसभर कमरेला शस्त्र वागवणाऱ्या माणसाला या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पिस्तुलाच्या वरचा जो पोलादी भाग गोळी सुटताच झटक्याने मागे येतो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे जाताना नवे काडतूस नळीत चढवतो, त्याला स्लाइड म्हणतात. गोळी सुटते त्या क्षणी काडतुसात बाहेरच्या हवेच्या दोन हजार पटींहून अधिक दाब असतो. तो ओसरेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांना घट्ट धरून राहावीत म्हणून मध्ये एक कुलूपवजा ठोकळा असतो. बेरेटाची स्लाइड वरून बरीचशी उघडी, आणि या ठोकळ्यासाठी तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती आतून कोरलेल्या. म्हणजे जिथे धातू कमी, नेमका तिथेच ताण जास्त. त्या कमांडोंच्या पिस्तुलांच्या स्लाइड तिथेच दुभंगल्या, आणि अडवायला काहीच नसल्यामुळे मागचा तुकडा थेट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर आला. इटलीचे पोलाद चाखल्याखेरीज कुणी खरा ‘सील’ होत नाही, असा कडवट विनोद मग त्या पथकात रूढ झाला.

पुढे जे व्हायचे तेच झाले. कंपनी म्हणाली, हे कमांडो प्रमाणाबाहेर जोरकस काडतुसे वापरतात. पण सैन्याच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतही स्लाइड तुटल्या. अमेरिकी संसदेच्या लेखा-तपासणी कार्यालयाने १९८८ मध्ये अहवाल दिला. त्यात अशा एकूण १४ घटना नोंदवल्या होत्या आणि धातूचा चिवटपणा कमी पडल्याचा मुद्दा होता. आपल्या भाषेत टणक आणि चिवट हे दोन वेगळे शब्द आहेत, ते बरे आहे. काच टणक असते, वेत चिवट असतो. पोलाद टणक असून भागत नाही. त्यात सुरू झालेली चीर पुढे पळू न देण्याइतके ते चिवटही असावे लागते.

मला मात्र या साऱ्या वादात एक आकडा अधिक बोलका वाटतो. सैन्याने या पिस्तुलाकडून मागितलेले आयुष्य किमान ५,००० गोळ्यांचे होते. एखादा अधिकारी वर्षातून एकदा मैदानावर जाऊन नेमबाजीची हजेरी लावून येतो. त्याच्या हिशेबाने पाच हजार म्हणजे जन्माची बेगमी झाली. पण सकाळ-संध्याकाळ सराव हेच ज्याचे काम, त्याला तेवढ्या गोळ्या किती दिवस पुरणार? दोघांच्या पिस्तुलांची खरेदीची तारीख एकच, रंगही तसाच. वय मात्र एक नव्हे. आणि मोटारीला किलोमीटर मोजणारा आकडा असतो तसा पिस्तुलाला नसतो.

धातूचे हे थकणे माणसाला रेल्वेने शिकवले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासांहून अधिक माणसे होरपळून मेली. त्यानंतर काही वर्षांनी ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने आस पुनःपुन्हा वाकवून पाहण्याचे प्रयोग चिकाटीने केले. एका दमात सहज पेलणारा भार लाखो वेळा दिला की लोखंड मोडते, हे त्याने दाखवले. त्याबरोबरच दिलासा देणारी एक गोष्टही हाती आली. ताण एका मर्यादेखाली ठेवला तर पोलाद जवळजवळ कायम टिकते. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहानसा ताणही त्याच्या खाती जमा होत राहतो. हलक्या सांगाड्याची खरी किंमत ही आहे, आणि ती दुकानात सांगितली जात नाही.

योगायोग असा की २८ एप्रिल १९८८ रोजी, म्हणजे त्याच वर्षी, हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाचे छत आकाशात उडून गेले आणि एक हवाई सेविका प्राणास मुकली. विमान १९ वर्षांचे होते. पण बेटाबेटांवर छोट्या छोट्या उड्या मारत त्याने ८९,६८० उड्डाणे केली होती. प्रत्येक उड्डाणात कायेत हवा भरायची, उतरताना सोडायची. इथेही वय वर्षांत मोजून चालण्यासारखे नव्हतेच.

असे काही घडले की ‘अचानक’ हा शब्द वापरला जातो. ‘रुळाला तडा, लोकल विस्कळीत’ ही बातमी मुंबईकर वर्षानुवर्षे वाचतो आणि रूळ पहाटे तुटला असे समजतो. तुटलेला पृष्ठभाग मात्र वेगळेच सांगतो. थकून तुटलेल्या धातूवर अनेकदा ओहोटीच्या वाळूवर उमटाव्यात तशा बारीक रेषा दिसतात. चीर थांबत थांबत पुढे सरकल्याची ती नोंद असते. शेवटचा खडबडीत भाग तेवढा त्या क्षणी तुटलेला असतो. रूळ ध्वनिलहरींनी तपासतात ते त्या आधीच्या रेषांसाठी.

बेरेटाने नंतर स्लाइडमध्ये एक खाच ठेवली आणि घोड्याच्या खिळीचे डोके मोठे केले. स्लाइड दुभंगलीच तर तुकडा तिथे अडावा, तोंडावर येऊ नये. उपाय नामी, पण तो तुटण्यावरचा नव्हता. त्याआधी सैन्याने काही हजार गोळ्यांनंतर स्लाइड बदलण्याचा हुकूम काढला होता, आणि पुढे ती मर्यादा आणखी खाली आणली. तो पाळायचा तर प्रत्येक पिस्तुलाने किती गोळ्या झाडल्या हे कुठेतरी लिहिलेले हवे. पुढे ढकलणारी स्प्रिंग हा तर सगळ्यांत स्वस्त भाग. ती मलूल झाली की प्रत्येक गोळीला स्लाइड सांगाड्यावर अधिक जोराने आपटते. तीही मोजूनच बदलावी लागते.

अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये एम-९ च्या जागी नवे पिस्तूल निवडले. पण त्या जातीची पिस्तुले आजही जगभर असंख्य हातांत आहेत. कित्येक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडची, आधीच्या गोळ्यांचा हिशेब नसलेली. जिथे वही आहे तिथे शस्त्रागारातला माणूस स्लाइड उतरवतो, तेल पुसतो, कोरलेल्या भिंतीच्या कोपऱ्यावर भिंग धरतो. केसाएवढी रेघ दिसली तर स्लाइड बाद. नाही दिसली तर आकडा लिहून पिस्तूल परत कपाटात.