पाचारण आणि धर्मांतर : एक आक्षेप

मराठी साहित्याच्या वर्गात ख्रिस्ती लेखक आला, की त्याच्यामागोमाग एक प्रश्न हमखास येतो : याने धर्म का बदलला? बाबा पदमनजी असोत, पंडिता रमाबाई असोत वा रेव्हरंड नारायण वामन टिळक असोत, आपली समीक्षा या एका प्रश्नाभोवती घुटमळत राहते. उत्तरेही ठरलेली असतात. कोणी मिशनऱ्यांचा प्रभाव सांगतो, कोणी जातिव्यवस्थेचा जाच, कोणी आर्थिक विवंचना, तर कोणी स्वभावातील अस्थिरता. उत्तर मिळाले, की लेखकाचे 'ख्रिस्तीपण' समजून घेण्याचे काम संपले असे मानले जाते आणि मग आपण निश्चिंत मनाने त्याच्या भाषाशैलीकडे वळतो.

या पद्धतीला माझा आक्षेप आहे. धर्मांतर ही घटना आहे. तिला तारीख असते, साक्षीदार असतात, नोंदवही असते. पण ज्या संज्ञेच्या आधारे हे लेखक स्वतःचे आयुष्य वाचत होते ती धर्मांतर ही नव्हती. ती संज्ञा होती 'पाचारण'. मराठी बायबलने रूढ केलेला हा शब्द ख्रिस्ती मंडळीबाहेर आज कोणी फारसा उच्चारत नाही. मूळ ग्रीकमध्ये 'क्लेसिस' म्हणजे हाक, बोलावणे. आणि 'एक्लेसिया', म्हणजे मंडळी किंवा चर्च, हा शब्दही त्याच धातूपासून आलेला. ज्यांना हाक मारून बाहेर बोलावले आहे त्यांचा समुदाय, असा त्याचा अर्थ. तेव्हा पाचारण हे बाप्तिस्म्याचे दुसरे नाव नव्हे. हाक ऐकू येणे, ती कोणाची आहे हे ओळखणे, ती काय मागते हे कळणे आणि कळल्यावर त्याप्रमाणे वागणे, अशी ती दीर्घ आणि बहुधा अडखळत चालणारी प्रक्रिया आहे. बाप्तिस्मा तिच्या आरंभी येईल, मध्ये येईल. तिचा शेट मात्र तो नसतो.

उदाहरण म्हणून रमाबाईंचे आयुष्य पाहू. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या तिथे गेल्या होत्या वैद्यकी शिकायला. बहिरेपणामुळे ते दार बंद झाले. म्हणजे ज्या कार्यासाठी आपण निघालो असे त्यांना वाटत होते ते कार्य त्यांचे नव्हतेच. पुढे धर्मशिक्षण देणाऱ्या अँग्लिकन भगिनींशी त्यांचे मतभेद झाले, आणि ते पत्रव्यवहारात आजही वाचायला मिळतात. माझा विवेक मी कोणा धर्मगुरूच्या स्वाधीन केलेला नाही, हा त्यांचा तिथला पवित्रा आहे. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, ते पुढच्याच वर्षी पुण्याला गेले. 1893 मध्ये सदनातील ख्रिस्ती प्रभावावरून वाद पेटला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुलींना आणले आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा विस्तार झाला. त्यानंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. 1922 मध्ये त्या वारल्या. भाषांतर त्यानंतर प्रसिद्ध झाले.

या आयुष्यातला कळीचा तपशील स्वतः रमाबाईंनीच 1907 च्या आपल्या साक्षीत नोंदवून ठेवला आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असे त्या सांगतात. म्हणजे 'धर्म का बदलला' या प्रश्नाचे कितीही अचूक उत्तर आपण दिले, तरी ते 1883 चे उत्तर असेल. शारदा सदन त्या उत्तरात बसेल. केडगाव आणि बायबलचे भाषांतर बसणार नाही. लेखिका स्वतः ज्या घटनेला अपुरी म्हणते, तीच आपण तिच्या चरित्राचे केंद्र मानायची, हा कोणता न्याय?

टिळकांच्या बाबतीत तर हा घोटाळा अधिक ठळक होतो. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत अहमदनगरला अध्यापन, 'ज्ञानोदय'चे संपादन, भजने, कविता असे सर्व चालू होते. रूढ अर्थाने पाहिले तर त्यांचे 'पाचारण' पूर्ण झाले होते. पद होते, पगार होता, कीर्ती होती. आणि 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. पुढे जेमतेम दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. प्रयोग अपुरा राहिला, पण त्याचा अर्थ पुरेसा स्पष्ट आहे. ज्या माणसाला आपण 'धर्मांतरित कवी' म्हणून ओळखतो त्यानेच आयुष्याच्या शेवटी ख्रिस्ताची हाक आणि धर्मांतराची नोंद या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या होत्या. आपली समीक्षा मात्र 1895 पाशीच थांबलेली आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की पाचारण ही श्रद्धेची बाब आहे. देवाने हाक मारली की नाही हे समीक्षकाने कसे तपासायचे? तपासू नये, हेच माझे उत्तर. तुकोबांना स्वप्नात गुरूपदेश झाला, नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन कवित्वाचे काम सोपवले, हे आपण वर्गात शिकवतो. तिथे कोणी पुरावा मागत नाही, आणि मागू नये. ते स्वप्न तुकोबांच्या कवित्वाचा आणि जगण्याचा पाया कसे झाले, एवढे आपण पाहतो. मग टिळकांपाशी आल्यावर आपल्याला एकाएकी मिशनचा हिशेब का तपासावासा वाटतो? ते स्वतः तर तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत होते. संताला अनुभव असतो आणि ख्रिस्ती माणसाला केवळ कारणे असतात, असा हा भेद आहे. तो आपण न बोलता पाळत आलो आहोत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वसाहतीच्या काळात धर्मांतराला सत्तेचा संदर्भ होता. मिशनच्या हाती शाळा, छापखाने, नोकऱ्या होत्या. तो संदर्भ वगळून पाचारणाची भाषा करणे म्हणजे इतिहासावर पांघरूण घालणे होय. संदर्भ वगळू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तो गांभीर्याने घेतला तर काय दिसते? रमाबाई इंग्लंडमध्ये राहून इंग्रज धर्माधिकाऱ्यांशी वाद घालतात. टिळक मिशनचा पगार सोडतात. या लेखकांना सत्तेशी भांडण्याचे बळ पाचारणाच्या कल्पनेने दिले. हाक मिशनची नसून ख्रिस्ताची आहे, असे म्हणता आल्यामुळेच मिशनला नकार देता आला. केवळ धर्मांतराची भाषा वापरली तर हा संघर्ष नाहीसा होतो आणि मिशनचे गुणगान करणारा व मिशनला शिव्या देणारा असे दोघेही एकच गोष्ट सांगू लागतात.

मात्र येथे दोष केवळ साहित्याच्या अध्यापकांच्या पदरी घालून भागणार नाही. खुद्द ख्रिस्ती मंडळीनेही या शब्दाची कमी हेळसांड केलेली नाही. ल्यूथरने बायबलच्या जर्मन भाषांतरात 'बेरूफ' हा एकच शब्द देवाची हाक आणि रोजचे काम या दोहोंसाठी वापरला. हाक केवळ मठवासीयांना येते, चांभाराला आणि घरधनिणीला येत नाही, ही समजूत त्याने मोडली. मोठेच काम झाले. पण आजच्या जर्मनमध्ये 'बेरूफ' म्हणजे निव्वळ पेशा. हाक गेली, नोकरी उरली. माक्स वेबरने 1904-05 मध्ये या प्रवासाचे जे विवेचन केले ते समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. आपल्याकडे उलट्या बाजूने तेच झाले : पाचारण म्हणजे पूर्णवेळ सेवा, म्हणजे पाळक, धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होणे, असा अर्थ रूढ झाला. आणि आता शिबिरांतून नवा अर्थ येतो आहे. आपल्या आवडी लिहा, आपले गुण लिहा, दोन्ही यादी जुळवा; जे जुळेल ते तुमचे पाचारण. हा व्यवसायमार्गदर्शनाचा तक्ता झाला. यात हाक मारणारा कोणी नाही. माणूस स्वतःलाच बोलावतो आणि स्वतःच 'ओ' देतो.

बायबलमधल्या कथा या तक्त्यात बसत नाहीत. शमुवेल या मुलाला रात्री तीनदा हाक येते आणि तिन्ही वेळा तो ती एली या वृद्ध याजकाची समजतो. ती कोणाची आहे हे शेवटी एलीच ओळखतो, आणि मुलाला मिळालेला निरोप असतो एलीच्याच घराण्याविरुद्ध. हाक ओळखायला दुसऱ्याचा कान लागतो आणि जे ऐकू येते ते सोयीचे असेलच असे नाही, हे या कथेत आहे. मार्कच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान जाळी टाकून येशूमागे जातात. त्यांचा बाप जब्दी मजुरांसह होडीतच राहतो. या बापाचे पुढे काय झाले? धर्मोपदेशक क्वचितच विचारतात. साहित्याच्या अभ्यासकाने तरी विचारायला हवे.

कारण मराठी साहित्यात होडीत मागे राहिलेल्या माणसाने स्वतः लिहिलेले एक पुस्तक आहे. 'स्मृतिचित्रे'चे विनोदी, खेळकर, प्रांजळ अशा विशेषणांनी आपण इतके कौतुक केले आहे, की त्यातील आरोप आपल्याला ऐकूच येत नाही. टिळकांना हाक आली. लक्ष्मीबाईंना कोणी विचारले नाही. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला आणि लहान मुलाला घेऊन ही बाई नातलगांच्या आधाराने राहिली. ती ख्रिस्ती झाली 1900 मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, आणि नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. सोवळेओवळे आणि जात यांवर तिने स्वतः विचार केला, आणि स्वतःच्या हिशेबाने केला. ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, अक्षरओळख नवऱ्याने करून दिली होती, तिने टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' हाती घेतले. टिळकांनी आरंभीचे मोजकेच अध्याय लिहिले होते, फार मोठा भाग तिचा आहे. आणि ज्याच्या कार्यात आपल्याला भरडले गेले त्याची गोष्ट तिने अशी सांगितली, की त्याचे मोठेपण आणि त्याचा बेफिकीर आत्ममग्नपणा या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात दिसतात. तुकोबांच्या आवलीला लिहिता आले असते तर काय झाले असते, याचा अंदाज इथे येतो.

आता सांगा, या दोघांपैकी पाचारण कोणाचे? पाळकपद टिळकांकडे होते, म्हणून त्यांचे, असे मंडळी म्हणेल. प्रतिभा टिळकांकडे होती, असे जुनी समीक्षा म्हणेल. मला वाटते, लक्ष्मीबाईंना वगळून टिळकांच्या पाचारणाबद्दल काही बोलणेच अप्रामाणिक आहे. हाकेची किंमत कोणी मोजली, आणि जिने ती मोजली तिला स्वतःची हाक ऐकू आली का, हा प्रश्न टाळणारे सारे विवेचन चरित्रनायकाची आरती ठरते.

हे सर्व जुने आहे असे कोणाला वाटू नये. 2019 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काही संघटनांनी ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध केला आणि धर्मांतराचा जुनाच प्रश्न उकरून काढला. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरलेला, 'सुबोध बायबल' सिद्ध करणारा, आयुष्यभर मराठीत लिहिलेला हा माणूस आपल्या धर्मगुरुपदाचा अर्थ कसा लावत होता, हे विचारण्याची गरज फारच थोड्यांना वाटली. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादचे संमेलन पार पडले. 2024 मध्ये फादर गेले. प्रश्न तसाच राहिला.

तेव्हा अध्यापकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी वर्गात टिळक किंवा रमाबाई शिकवताना 'धर्म का बदलला' हा प्रश्न एका तासापुरता फळ्यावरून पुसावा. त्याच्या जागी तीन प्रश्न लिहावेत : यांना कोणती हाक ऐकू आली असे ते म्हणतात? तिच्यासाठी त्यांनी कोणाशी वैर घेतले? आणि ती ऐकताना त्यांनी कोणाला होडीत सोडले? उत्तरे देण्यासाठी विद्यार्थ्यांना पुस्तके उघडावी लागतील. पहिल्या प्रश्नाने ती कधीच उघडावी लागली नव्हती.