चवीची मुदत

मे महिन्याची सुट्टी लागली की उपनगरांतील घरांत समुद्रकिनाऱ्याचे बेत ठरू लागतात. अंधेरीकरांना जुहू जवळ, बोरिवलीकरांना खाडी ओलांडली की गोराई, तर घाटकोपर-मुलुंडची मंडळी अलिबाग किंवा डहाणू-बोर्डीची वाट धरतात. बहुतेकांच्या बेतात संध्याकाळच महत्त्वाची असते. ऊन उतरावे, सूर्य बुडताना पाहावा आणि मग खाण्याच्या गाड्यांकडे वळावे, असा सर्वसाधारण क्रम. जैन घरात हा क्रम उलटा लागतो. मे महिन्याच्या मध्यास मुंबईत सूर्यास्त सातनंतर थोड्याच वेळात होतो. चौविहार पाळणाऱ्या घराचे जेवण तत्पूर्वी उरकलेले असते. काही घरे तर सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे आधीच हात धुतात. किनाऱ्यावरचे दिवे लागतात तेव्हा या घराचा डबा रिकामा होऊन पिशवीत परत गेलेला असतो.

म्हणूनच या घरांत वाढलेल्या पिढ्यांच्या जिभेवर समुद्राची जी आठवण आहे, ती दिव्यांच्या झगमगाटातील नाही. वाळूवर सतरंजी पसरून, उतरत्या उन्हात, वाऱ्याने उडणारी रेती एका हाताने अडवत खाल्लेल्या डब्याची ती आठवण आहे. डब्यात काय असे, हे सर्वांना आठवते. ते तसेच का असे, हे सांगणारी माणसे मात्र घरोघरी कमी होत चालली आहेत.

डब्यामागे काळाचा चोख हिशेब होता. श्वेतांबर परंपरेत मिठाई, खाखरा अशा पदार्थांना ऋतूप्रमाणे मुदत ठरलेली आहे. हिवाळ्यात 30 दिवस, उन्हाळ्यात 20 आणि पावसाळ्यात 15. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा त्याच क्रमाने 7, 5 आणि 3 दिवसांची. हवेत ओलावा वाढेल तशी मुदत घटते, हे तत्त्व दोन्हींत समान आहे. पाण्याचा अंश असलेली पोळी, भात किंवा भाजी रात्र ओलांडली की वर्ज्य. तीच पोळी तव्यावर दाबून दाबून मंद आचेवर भाजली, तिच्यातला ओलावा पुरता काढला, की तिचा खाखरा होतो आणि तो प्रवासाला निघू शकतो. दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी यांतील फरक ज्यांच्या पूर्वजांना तोंडपाठ होता, त्यांच्या स्वयंपाकघरात पोळी आणि खाखरा यांतील फरकही तितकाच स्पष्ट होता.

मूळ गावाप्रमाणे डबा बदलत असे. कच्छी घरातून खाखरा आणि सुखडी येई. मारवाडी घरातून मठरी आणि शक्करपारे. सांगली-कोल्हापूरकडील मराठी जैन घरातून लसणाविना केलेला भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि दुधात कणीक भिजवून केलेली त्या दिवशीची दशमी. एकाच इमारतीतील दोन-तीन कुटुंबे मिळून निघाली की हे डबे एकमेकांपुढे सरकत आणि मुलांना आपल्या गावाव्यतिरिक्त दुसऱ्या गावाची चव कळे. फाल्गुन चौमासीनंतर पालेभाजी बंद ठेवणाऱ्या घरांत मे महिन्यातील ठेपल्याला मेथी नसे. हळद, तिखट आणि ओवा एवढ्यावर तो होई. हिवाळ्यातला ठेपला हिरवा आणि उन्हाळ्यातला पिवळा, एवढे तर मुलांना पंचांग न पाहताही समजत असे.

घरच्या डब्यापलीकडे बाहेरच्या खाण्याचा मोह होताच. जुहूच्या वाळूवर उभ्या असलेल्या मुलाला भेळेचा वास येणार आणि ते मागणार. भेळवाल्यांनी ही अडचण ओळखली. बटाट्याच्या जागी उकडलेले कच्चे केळे आले, कांदा आणि लसणाची लाल चटणी गेली, कैरीचे तुकडे वाढले आणि ‘जैन भेळ’ तयार झाली. भेळ मिळाली तरी सर्व प्रश्न सुटत नसत. शेवेवर कच्चे दही घातलेली पुरी चालत नसे, कारण कडधान्य अथवा बेसन आणि न तापवलेले दही एकत्र आले की द्विदलाचा दोष. बर्फाचा गोळाही नाही, कारण बावीस अभक्ष्यांत बर्फाची गणना आहे. गोळ्याच्या गाडीवरील लाल, हिरव्या, जांभळ्या बाटल्यांकडे पाहत शहाळ्याचे पाणी पिणारे मूल हे अनेक कुटुंबांच्या सहलींतले ठरलेले चित्र होते. त्या मुलाला तेव्हा वाईट वाटत नसे, असे म्हणणे खरे होणार नाही. वाटत असे. मात्र ज्या घरात ‘नाही’ म्हणताना कारण सांगितले गेले, तेथे ते वाईट वाटणे हळूहळू समजुतीत उतरले. जेथे केवळ डोळे वटारले गेले, तेथे मूल मोठे होताच पहिल्यांदा गोळ्याच्या गाडीकडेच वळले.

उपनगरांतील जैन कुटुंबांच्या सागरी सहलींत आगाशीचे स्थान वेगळे आहे. विरार स्थानकाच्या पश्चिमेला, थोड्याच अंतरावर हे गाव. तेथील मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय मुंबईच्या शेठ मोतीशांच्या नावाशी जोडलेले आहे. सकाळी पूजा, दुपारी भोजनशाळेत पंगत आणि ऊन कलल्यावर अर्नाळ्याचा किनारा, असा एका दिवसाचा कार्यक्रम अनेक घरांत वर्षानुवर्षे ठरलेला होता. अर्नाळ्यासमोर पाण्यातला किल्ला दिसतो. किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती आहे आणि बहुसंख्य मराठी कुटुंबांच्या मनात किनाऱ्याची चव म्हणजे मासळीच. परंतु याच पट्ट्याच्या अलीकडे, नारळी-केळीच्या वाड्यांत, समुद्रकाठची एक निराळी चव तयार होते. ती म्हणजे आगाशीची सुकेळी.

राजेळी जातीचे लांबट, भरदार केळे यासाठी लागते. घड पिकवून, सालं काढून केळी बांबूच्या मांडवावर उन्हात मांडतात. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी ती उचलायची, झाकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात घालायची. असे बरेच दिवस चालते. केळे आक्रसते, मधासारखा रंग धरते आणि मग केळीच्याच वाळलेल्या सोपटात बांधले जाते. यात साखर नाही, तेल नाही, चूल नाही. केवळ ऊन आणि मेहनत. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरनेही आगाशीची सुकी केळी जिल्ह्यात उत्तम असल्याची नोंद केली होती. खाखऱ्यात जे काम तव्याने केले तेच येथे सूर्याने केले. ओलावा काढून घेतला आणि नाशवंत फळाला मुदत मिळवून दिली. यात्रेहून परतणाऱ्या कुटुंबाच्या पिशवीत सोपटाची एक जुडी असे, आणि शाळा सुरू होईपर्यंत मुलांना तिच्यातला एकेक तुकडा मिळे.

आज ती जुडी सहज मिळत नाही. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या आधीपासूनच वाड्यांच्या जागी इमारती येऊ लागल्या होत्या. वाड्यांना पाणी पुरवणारी गोड्या पाण्याची बावखले अनेक ठिकाणी बुजली. केळी पिकवण्याइतकी जमीन आणि दिवसातून दोनदा मांडवावर वाकण्याइतकी माणसे, दोन्ही कमी झाली. उत्तरेकडे डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचे नाव दूरवर पोचले. सुकेळी मात्र मागणाऱ्यांच्या आठवणीवर आणि करणाऱ्या थोड्या घरांच्या चिकाटीवर टिकून आहे. मागणारेच उरले नाहीत तर मांडव कोण घालील?

हीच गोष्ट घरातल्या चवींनाही लागू आहे. उपनगरांत आता जैन खाण्याची वाण नाही. घाटकोपरच्या खाऊगल्लीपासून बोरिवलीच्या उपाहारगृहांपर्यंत ‘जैन’ म्हटले की पावभाजीत कच्चे केळे येते, पिझ्झ्यावरचा कांदा जातो. व्यापाऱ्याने ग्राहक ओळखला, ही चांगलीच गोष्ट. परंतु दुकानदार ‘काय नको’ एवढेच शिकला. ‘केव्हापर्यंत’ हे त्याच्या पाटीवर लिहिलेले नाही. रात्री 10 वाजता मागवलेल्या जैन पावभाजीत कंदमूळ नसते, पण घड्याळही नसते. कंदमुळाचा नियम पदार्थाबरोबर विकत मिळू शकतो. वेळेचा आणि ऋतूचा नियम घरातच शिकावा लागतो, आणि आठवणीत राहणारी चव बहुधा त्या वेळेशी आणि ऋतूशीच बांधलेली असते.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण आंबा. अनेक श्वेतांबर घरांत आर्द्रा नक्षत्र लागले, म्हणजे जूनची 21-22 तारीख आली, की आंबा बंद होतो. बाजारात आंबा असतो, परवडतो, तरीही पाटी थांबते. आदल्या दिवशी होणारा आमरस हा त्या वर्षाचा शेवटचा. वाटीच्या कडेला लागलेला रस बोटाने पुसून घेणाऱ्या मुलाला तो पुन्हा केव्हा मिळेल हे ठाऊक असते, आणि म्हणून त्या वाटीची चव त्याला पन्नास वर्षांनंतरही सांगता येते. गोठवलेला रस बारा महिने मिळू लागला तेव्हा सोय झाली, पण ‘शेवटची वाटी’ हा शब्द अनेक घरांतून नाहीसा झाला.

नव्या पिढीची गैरसोय करून जुने दिवस परत आणावेत, असे कोणी म्हणणार नाही. नोकरीवरून 8 वाजता घरी पोचणाऱ्या सुनेला सूर्यास्ताचे गणित शिकवणे सोपे नाही, आणि तिच्यावर त्याचा भार टाकणे न्यायाचेही नाही. सुट्टीचा दिवस मात्र सर्वांच्या हातचा असतो. किनाऱ्यावर दोन तास आधी पोचता येते, दिवे लागण्यापूर्वी डबा उघडता येतो आणि आगाशीला गेल्यावर सुकेळीची जुडी मागता येते. मिळाली तर घ्यावी. न मिळाल्यास पुढच्या खेपेसाठी सांगून ठेवावी, म्हणजे करणाऱ्याला गिऱ्हाईक आहे हे कळेल.

डबा भरण्याचे काम एकट्या आजीवर न सोडता नातवंडांना शेजारी बसवावे. खाखरा केव्हा भाजला, उन्हाळ्याच्या 20 दिवसांतले किती गेले, किती उरले, हे त्यांनीच मोजावे आणि डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवून तारीख स्वतःच्या अक्षरात लिहावी.