जळते शेतकऱ्याची मोटर, हिशेब मात्र कुणाचाच नाही

रब्बीचा गहू ओंबीवर आलेला असतो, विहिरीत पाणी असते, रोहित्रही शाबूत असते आणि नेमकी त्याच रात्री मोटर जळते. पूर्णेच्या खोऱ्यातील जाफराबाद तालुक्यात ही बातमी ठरत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. विहिरीतून वर काढलेली मोटर दुचाकीला बांधून शेतकरी तालुक्याचे गाव गाठतो आणि तेथे त्याच्या कानी दोन परस्परविरोधी सल्ले पडतात. दुकानदार सांगतो, ‘जुन्याचे काय खरे? नवीच घ्या.’ वाइंडिंगवाला सांगतो, ‘भरून देतो, नव्यासारखी चालेल.’ दोघांच्याही बोलण्यात आत्मविश्वास ओसंडत असतो. पुरावा मात्र दोघेही देत नाहीत. पाण्याचा ताण पडलेले पीक वाट पाहत नसल्यामुळे शेतकरी निर्णय घेत नाही, तो नशीब आजमावतो.

‘जुने ते सोने’ आणि ‘नवे ते हवे’ या दोन्ही म्हणींनी मराठी माणसाची सोय केली आहे. विचार करण्याचे कष्ट त्यांनी वाचवले आहेत. यंत्राला म्हणी कळत नाहीत. त्याला तारेची जाडी, तांब्याची शुद्धता, बेरिंगची बैठक आणि पत्र्याच्या थरांमधले इन्सुलेशन एवढेच कळते.

पुन्हा भरलेली मोटर नव्याच्या तोडीची असू शकते काय? असू शकते. विद्युत यंत्रे दुरुस्त करणाऱ्या व्यावसायिकांच्या ‘ईएएसए’ व ‘एईएमटी’ या अनुक्रमे अमेरिकेतील व ब्रिटनमधील संघटनांनी 2003 मध्ये याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. योग्य पद्धतीने पुन्हा भरलेल्या मोटरची कार्यक्षमता जवळपास पूर्वीइतकीच राहते, असा त्याचा निष्कर्ष होता. हा अभ्यास दुरुस्ती करणाऱ्यांचाच आहे, हे ध्यानात ठेवूनही त्यातील ‘योग्य पद्धतीने’ हे दोन शब्द मोलाचे आहेत. कारण आपल्याकडे नेमके तेच गळून पडतात.

जळालेली जुनी तार सुटावी म्हणून मोटरचा गाभा थेट ज्वाळेवर धरला जातो. गाभा पातळ पत्र्यांच्या थरांचा असतो आणि प्रत्येक थरावर विद्युतरोधक लेप असतो. उष्णता प्रमाणाबाहेर गेली की लेप जळतो, थर एकमेकांना भिडतात आणि मोटर कायमची तापट होते. मूळ जाडीची तार हाताशी नसली की बारीक तार भरली जाते, वेढे अंदाजाने मोजले जातात. कोठे तांब्याऐवजी ॲल्युमिनियमही येते, ज्याची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्केच असते. मोटर सुरू होते, पाणी पडते, शेतकरी समाधानाने परततो. दोष मात्र तिच्या पोटात घर करून बसलेला असतो.

त्याची किंमत किती? पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे 3.73 किलोवॅट. तिची कार्यक्षमता 80 टक्क्यांवरून 76 वर घसरली असे धरले, तर तेवढ्याच कामासाठी ती 4.66 ऐवजी 4.91 किलोवॅट ओढते. रोज आठ तास, वर्षाकाठी दीडशे दिवस ती चालली, तर सुमारे तीनशे युनिट वीज केवळ उष्णता होऊन उडते. एका गावात अशा मोटरी शेकड्याने असतील, तर एकाच रोहित्रावर पडणारा जादा भार कोणता अनर्थ करतो, हे वेगळे सांगायला नको. व्होल्टेज घसरते आणि कालपर्यंत धड असलेली शेजाऱ्याची मोटरही जळते. लघुदाब पुरवठ्यात व्होल्टेज सहा टक्क्यांहून अधिक खालावू नये, असा वीज नियामक आयोगाचा निकष आहे. तो वाहिनीच्या शेवटच्या खांबापर्यंत पोहोचत नाही. एखादी फेज उडाली की उरलेल्या दोन फेजांवर मोटर जादा प्रवाह ओढते आणि तारा करपतात. म्हणजे मोटर जाळणाऱ्यांत वीज कंपनीही भागीदार आहे. दुरुस्तीच्या खर्चात मात्र तिचा वाटा शून्य!

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. राज्य शासनाने 2024 मध्ये ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ आणून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल आपल्या शिरावर घेतले. कर्जबाजारी शेतकऱ्याला हा दिलासा हवाच होता. परंतु बिलच येत नसेल, तर वाया जाणाऱ्या तीनशे युनिटांची बोच कोणाला लागणार? ती तिजोरीला लागते आणि तिजोरी बोलत नाही. वीज मोफत देणाऱ्या शासनाने निदान चांगल्या दुरुस्तीची व्यवस्था तरी उभी करायला हवी होती. तो खर्च वाया जाणाऱ्या विजेतूनच वसूल झाला असता.

मग नवीच घ्यावी, हा उपदेशही तितकाच पोकळ आहे. नव्याच्या नावाखाली काय विकले जाते, याची खात्री कोण देतो? सबमर्सिबल मोटरसाठी आयएस 9283 आणि पंपसंचासाठी आयएस 8034 ही भारतीय मानके आहेत. किती ग्राहक पाटीवर हे आकडे शोधतात? जुन्या सांगाड्याला रंग फासून, नवी पाटी ठोकून तो ‘नवा’ म्हणून विकणे हा ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापार आहे. पुनर्बांधणी केलेली वा वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणे कायद्याने स्पष्ट शब्दांत दोषास्पद ठरवले आहे. पावती न देणेही त्याच व्याख्येत बसते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. पण पावतीच नसेल तर आयोग काय करील? बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे बीज रोवले, ते ग्राहकाने केवळ रडू नये, संघटित व्हावे म्हणून. ते काम शहरातल्या दुकानापर्यंत पोहोचले. विहिरीच्या काठापर्यंत अजून पोहोचायचे आहे.

ज्या जालन्याने भंगार वितळवून सळई घडवण्यात नाव कमावले, त्या जिल्ह्याला ‘जुने म्हणजे टाकाऊ’ हे शिकवण्याचे धाडस कोणी करू नये. भट्टीतून निघालेल्या सळईला मात्र कोणी ‘नशीब’ म्हणून विकत घेत नाही. तिची चाचणी होते, तिच्यावर खूण उमटते. नेमके हेच मोटरच्या बाबतीत का होऊ नये?

निवडीचा नियम अवघड नाही. मोटरचा सांगाडा, दांडा, गाभा हे शाबूत असतील तर टिकतात. ते फेकणे ही उधळपट्टी. वाइंडिंग मूळ जाडीच्या तांब्याच्या तारेने पुन्हा भरता येते. बेरिंग, बुश, सील आणि कपॅसिटर मात्र नवेच घ्यावेत. तेथे काटकसर म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. गाभाच करपला असेल, तर भावनेत न गुंतता नवी मोटर घ्यावी. दुरुस्तीच्या पावतीवर तारेचा प्रकार व जाडी, मेगरने मोजलेला इन्सुलेशन रोध, मोटर चालवून मोजलेला तिन्ही फेजांचा प्रवाह आणि हमीची मुदत असावी. ओल्या विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न या आकड्यांत दडलेला आहे.

वाइंडिंगवाल्यांना झोडपून मोकळे होणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मोटरची वाइंडिंगविषयक माहिती कंपन्या त्यांना देत नाहीत, शिक्षण शासन देत नाही. 2023 च्या विश्वकर्मा जयंतीला सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत अठरा व्यवसाय आहेत. कुलपे करणारा आहे, खेळणी करणारा आहे, मोटर भरणारा नाही. ज्याच्या हातावर खेड्यातली शेती चालते, तो आजच्या काळाचा विश्वकर्मा नव्हे काय? योजना आपल्या सरकारची आहे म्हणूनच ही उणीव दाखवण्याचे कर्तव्य अधिक आहे.

पुढचे संकट तर दारात उभे आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतील पंपांना पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. सहाव्या वर्षी बंद डबीतला कंट्रोलर बिघडला तर जाफराबादचा कारागीर तो उघडू शकेल काय? अमेरिकेत ट्रॅक्टरच्या दुरुस्तीवरील मक्तेदारीविरुद्ध तेथील व्यापार आयोगाला जानेवारी 2025 मध्ये जॉन डिअर कंपनीवर दावा ठोकावा लागला. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेती अवजारे होती, डिसेंबरात पोर्टलही आले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुली करण्याचे बंधन कंपन्यांवर घातल्याखेरीज स्वावलंबन हा शब्द भाषणापुरताच उरेल.

तोवर गावोगावच्या कार्यकर्त्यांना एक काम सहज करता येईल. आयटीआयच्या शिक्षकांना बोलावून तालुक्यातील वाइंडरांचा एक वर्ग भरवावा, एक मेगर सामायिक घ्यावा आणि छापील दुरुस्तीपत्र प्रत्येक दुकानात ठेवावे. शेतकऱ्यानेही मोटर उचलण्यापूर्वी पावती मागावी. ज्याचे काम खरे आहे त्याला आकडे लिहून देण्याचे भय वाटणार नाही. ज्याला वाटेल, त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नये.